टाळ्या क्रमांक तीन

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा जोशीवहिनींकडे आहे. कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. दुर्गापूजेची गर्दी ओसरली तशा घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "पानसेकाका, रेडिओतल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं काहीतरी. मोठ्या माणसांच्या भेटी असतील तर त्याही येऊ देत." मी हो म्हटलं. लिहायला बसलो तर प्रत्येक गंमत फिरून फिरून एकाच जागी जाऊन अडकायला लागली. तेव्हा वहिनी, हलकंफुलकं जेवढं आहे तेवढं सुरुवातीलाच देतो. पुढचं माझ्या लाजेचं आहे. ते जागेअभावी गाळू नये, एवढी विनंती.

मी मूळचा कराडचा. सरकारी रेडिओत लागलो, पदोन्नतीबरोबर कोलकात्याची बदली आली, आणि "तीन वर्षं काढू, मग बघू" म्हणत म्हणत इथंच निवृत्त झालो. मुलगी इथंच वाढली. माझ्याशी मराठी बोलते, पण रागावायचं झालं की बंगालीत रागावते. माझ्याकडे दर सोमवारी संध्याकाळी लागणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता, 'पाडार खबर'. पाडा म्हणजे मोहल्ला. शहराच्या मोठ्या बातम्या मोठ्या साहेबांकडे. आमच्याकडे रक्तदान शिबिरं, चित्रकलेच्या स्पर्धा, क्लबांची नाटकं, बंद पडलेल्या पाण्याच्या लायनी आणि हरवलेली माणसं. मोठ्या माणसांच्या भेटी झाल्या नाहीत, कारण मोठी माणसं आमच्या खोलीपर्यंत कधी आलीच नाहीत. तो जिना फार चढा होता.

आमचं गिऱ्हाईक मात्र नामी. हावड्याच्या एका क्लबचे सेक्रेटरी फुटबॉलच्या अंतिम सामन्याची बातमी दर वर्षी सामन्याच्या चार दिवस आधी आणून देत. चुरशीची लढत, प्रेक्षकांचा जल्लोष, पाहुण्यांच्या हस्ते चषक, सगळं तयार. फक्त गोलांच्या जागी टिंबं. "तेवढं फोनवर कळवतो, तुम्ही बसवून घ्या," म्हणायचे. दुसरे एक गृहस्थ हरवलेल्या पोपटाची बातमी द्यायला आले. मी म्हटलं, पोलीस ठाण्याची चिठ्ठी असल्याशिवाय हरवलेल्यांची बातमी देता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन हजर. बातमी दिली. आठवडाभरात अकरा जणांनी पोपट सापडल्याचं कळवलं आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता.

आता बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रविवारी शहरात दहा ठिकाणी कार्यक्रम असायचे आणि आमच्याकडे गाडी एक, ध्वनिमुद्रक एक. तो म्हणजे तपनदा, माझ्यापेक्षा वर्षभराने मोठा, बेहालाचा रहिवासी, कानाने माणूस ओळखणारा. आम्ही एका ठिकाणी जायचो. उरलेल्या नऊ क्लबांना सांगायचो, भाषण फोनवर रेकॉर्ड करा आणि पाठवून द्या. ते पाठवायचे. पण फोन धरलेला असायचा वक्त्याच्या तोंडाशी, त्यामुळे भाषण येई आणि सभा येत नसे. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस न्हाणीघरात एकटाच बोलतोय.

त्यावर तपनदाचा उपाय होता. त्याच्याकडे टाळ्यांचा साठा होता. क्रमांक एक, शाळेच्या सभागृहातल्या. क्रमांक दोन, मोठ्या मैदानावरच्या. आणि क्रमांक तीन, पन्नासेक माणसांच्या, उघड्यावरच्या, अगदी मनापासून वाजलेल्या. त्या तीनमध्ये टाळ्या ओसरता ओसरता पुढच्या रांगेतला कुणी एक माणूस घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "बाह्! आरेकटा होक!" वा, आणखी एक होऊन जाऊ दे. मग हसायचा आणि हसता हसता दोनदा खोकायचा. त्या खोकल्याने सगळं खरं वाटायचं. पडेल नाटकाच्या बातमीमागेही क्रमांक तीन लावला की क्लबचा सेक्रेटरी फोन करून आभार मानायचा. आम्ही सॉल्ट लेकच्या थंड खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो आणि मला त्याचा चक्क अभिमान होता. नव्याने आलेल्यांना मी सांगायचो, रेडिओ म्हणजे कानाची सजावट. लोकांना आपण तेवढंच देतो, त्यात फसवणूक कसली?

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. बेहालात एका पाड्यात नवीन कम्युनिटी हॉलचं उद्‌घाटन झालं. समितीने अध्यक्षांचं भाषण पाठवलं. 'आजचा दिवस सोन्याचा, सगळ्या पाड्याचं स्वप्न साकार झालं' वगैरे. भाषण कोरडं होतं. मी तपनदाला म्हटलं, "दोन जागी तीन नंबर लाव." त्या दिवशी तपनदा थोडा थांबला. म्हणाला, "एक नंबर लावू का?" मी घाईत होतो. म्हटलं, "तीन लाव, रंगत येते." त्याने लावला.

आठ दिवसांनी एक पत्र आलं. रेघांच्या कागदावर, सुरेख बंगाली अक्षरात. लिहिणाऱ्या बाई अणिमा पाल, त्याच पाड्यातल्या. पत्राचा मतलब असा: 'सोमवारच्या कार्यक्रमात हॉलच्या उद्‌घाटनाची बातमी ऐकली. अध्यक्षांच्या भाषणानंतर जो आवाज आणखी एक होऊ दे म्हणतो, तो माझ्या यजमानांचा, निर्मल पालांचा आहे. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. तो हॉल जिथे बांधला आहे तिथे आमच्या पाड्याचं तळं होतं. ते बुजवू नये म्हणून माझे यजमान नऊ वर्षं कचेऱ्या आणि कोर्ट यांच्या पायऱ्या झिजवत होते. हरले, आणि त्याच वर्षी गेले. त्या जागेवर पाय ठेवणार नाही असं ते म्हणत. आता पानवाल्यापासून सगळे मला म्हणतात, शेवटी पालबाबूंनीही, गेल्यावर का होईना, दाद दिली. हे कसं झालं, ते कृपया कळवावं.'

माझी पाचावर धारण बसली. तपनदाला बोलावलं आणि विचारलं, तीन नंबर कुठला आहे? तो म्हणाला, "विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पानसेबाबू." त्याच तळ्याकाठचा होता. फार वर्षांपूर्वी तळं वाचवा म्हणून पाड्याने एक संध्याकाळ काठावर गाणी ठेवली होती. लहान मुली गायल्या. तपनदा शेजारच्याच गल्लीतला म्हणून यंत्र घेऊन गेला होता. मागे बेडूक फार ओरडत होते, ते त्याने यंत्रावर गाळून टाकले आणि टाळ्या तेवढ्या ठेवल्या. बेडूक गेल्यावर त्या टाळ्या कुठेही चालायला लागल्या. "तो माणूस कोण, मला माहीत होतं," तपनदा म्हणाला. "तुम्ही घाईत होतात."

म्हणजे उत्तर लिहायला बसलो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अजाणतेपणाची सवलत मला नको आहे. नुकतंच वरून परिपत्रक आलं होतं की बातम्यांच्या कार्यक्रमात कृत्रिम ध्वनी वापरल्यास कारवाई होईल. ते मीच सही करून फाइलला लावलं होतं. खरं लिहिलं असतं तर एका टाळीमागोमाग सगळ्या टाळ्या बाहेर आल्या असत्या. मी दोन ओळींचं उत्तर टाइप केलं. 'सदर आवाज उपस्थित श्रोत्यांपैकी अन्य व्यक्तीचा असून साधर्म्यामुळे आपला गैरसमज झाला असावा. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' आणि त्याच दुपारी क्रमांक तीन आमच्या संगणकावरून पुसून टाकला.

पंधरा दिवसांनी बाई स्वतः आल्या. बेहालाहून सॉल्ट लेक म्हणजे तास-दीड तासाची बस, वर एक ऑटो. साठीच्या पुढच्या, किरकोळ बांध्याच्या, हातात छत्री आणि पिशवीत माझं पत्र. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

"दादा, एकोणचाळीस वर्षं त्यांचं खोकणं ऐकलंय मी. मी चुकेन?"

"आवाजासारखा आवाज असतो, दीदी."

"हसणं पण?"

मी म्हटलं, असतं कधी कधी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे केले. मग त्या म्हणाल्या, "त्यांचा आवाज आमच्या घरात कुठेच नाही. फोटो आहेत. पण फोटो काही बोलत नाही. हा दुसऱ्या कुणाचा असला तरी चालेल, तेवढा तुकडा मला मिळेल?"

आणि मी त्यांना नियम सांगितला. लेखी अर्ज, शुल्क, वरिष्ठांची मंजुरी. जी गोष्ट मी आधीच पुसून टाकली होती तिच्यासाठी अर्जाचा नमुना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला.

उठताना विचारलं, "मग हा माणूस कोण, दादा? त्या हॉलवर येतो?"

"नेहमी येणाऱ्यांपैकी कुणी असतील."

"नेहमी येतात?"

"असतील," मी म्हटलं. "कार्यक्रमांचे शौकीन दिसतात."

हे मी का म्हटलं, देव जाणे. खोटं बोलताना माणूस थोडी नक्षी काढतो, तसं. त्यांचा चेहरा जरा निवळला. मला वाटलं, पटलं त्यांना. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत मी घरी आलो आणि बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. अर्ज काही त्यांचा आला नाही. मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, टाळ्या झाल्या. तपनदा माझ्या आधीच निवृत्त झाला होता, तो मागच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होता.

यंदा पूजेच्या आधी तपनदाचा फोन आला. नातवाचं नाटक होतं म्हणून तो त्याच हॉलवर गेला होता. म्हणाला, "ती बाई तिथे होती, पानसेबाबू. शेवटच्या रांगेत. स्टेजकडे बघतच नाही. माणसांकडे बघते. टाळ्या सुरू झाल्या की डोळे मिटून कान देते. मी चौकीदाराला विचारलं. म्हणाला, दोन-अडीच वर्षं झाली, एकही कार्यक्रम चुकवत नाही. पाड्यात लोक म्हणतात, चला, पालबाबूंच्या बायकोचा राग गेला एकदाचा."

मी फोन ठेवला. ती कुणाला शोधत होती, हे या शहरात फक्त तिला आणि मला माहीत होतं, आणि तो माणूस मी तयार केला होता. नवरा जिथे पाय ठेवणार नाही म्हणाला होता तिथे माझ्या एका वाक्याने बाईला नेऊन बसवलं होतं. त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. सुनंदा शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही मला दर सोमवारी रेडिओ लावायला सांगायचात." पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तपनदाने मूळ ध्वनिमुद्रण घरी जपून ठेवलं होतं, न गाळलेलं. मी म्हटलं, बरोबर ये. तो म्हणाला, "पेन ड्राइव्ह देतो. सांगायचं तुमचं तुम्ही." बरोबर होतं त्याचं.

दशमी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी बेहालाला गेलो. अणिमाबाईंचं घर हॉलच्या समोरच, खिडकीतून हॉलची भिंत दिसते. त्यांनी मला ओळखलं, विजयेचं, म्हणजे पूजा संपल्यावरचं, गोड पुढे ठेवलं. मी म्हटलं, आधी ऐका, मग द्या. आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टाळ्यांचे क्रमांक, परिपत्रक, पुसलेला तीन नंबर, सगळं. माझी बंगाली ऐन वेळी दगा देते, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही. खोली लहान होती. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

मग म्हणाल्या, "लावा."

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. काळ्या पडद्यामागून आधी बेडूक आले. एक, मग पाच-पन्नास. पाण्यावर काही पडल्याचा आवाज. मुलींचं गाणं संपलं, टाळ्या, आणि त्यात तो. "बाह्! आरेकटा होक!" हसणं. दोनदा खोकला. आणि माझ्या तीन नंबरमध्ये कधीच नसलेलं पुढचं एक वाक्य, जे तपनदाने बेडकांबरोबर कापलं होतं. पलीकडून एका बाईचा हलका आवाज: "मफलर घ्या, खोकताय किती." तो आवाज त्यांचाच होता.

त्यांनी तीन वेळा लावून घेतलं. मी भिंतीकडे बघत उभा होतो. तिसऱ्यांदा झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तो नेहमी येणारा माणूस नाहीच."

"नाही."

"मी अडीच वर्षं त्या हॉलमध्ये बसले, दादा. दर वेळी ह्यांची माफी मागून आत जात होते. मनात म्हणायचे, एकदा त्या माणसाला बोलताना ऐकते आणि मग येणार नाही."

मी म्हटलं, "माफ करा मला."

"रेडिओवर सांगा."

"मी निवृत्त झालो, दीदी. आता माझ्या हातात नाही ते."

"हातात होतं तेव्हा?"

मी टीव्हीतून पेन ड्राइव्ह काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनीच वाट काढली. येत्या रविवारी हॉलमध्ये पाड्याची विजया संमीलनी होती. पूजा झाल्यावर सगळे जमतात, गातात, गोड खातात. "माइक असेल," त्या म्हणाल्या. "पाड्याने ऐकलं होतं, पाड्यालाच सांगा. दोन मिनिटं लागतील." मी शब्द दिला. मग त्यांनी बशी पुढे केली आणि मी त्यातली संदेश मिठाई खाल्ली.

रविवारी इस्त्रीचा कुर्ता घातला. बंगालीत लिहिलेला कागद खिशात होता, मुलीने तपासून दिलेला. तपासताना तिने वर बघून फक्त, "बाबा, हे तू केलंस?" एवढं विचारलं, आणि ते मराठीत विचारलं. बस स्टॉपवर गेलो. पहिली बस भरलेली होती. दुसरी बरीच रिकामी होती. तिसरी आली आणि कंडक्टर "बेहाला, बेहाला" ओरडत माझ्याकडेच बघत होता. मी हात हलवून नाही म्हटलं. समोरच्या दुकानात बसून दोन चहा प्यायलो आणि घरी येऊन सांगितलं की कार्यक्रम पुढे ढकलला. सुनंदाने विश्वास ठेवला नाही आणि तसं दाखवलंही नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांसमोर माइक धरला मी. वेळ माझ्यावर आली तेव्हा गुडघा दुखायला लागला.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन.

"दादा, तब्येत बरी आहे ना?"

"गुडघा जरा..."

"हं. मी वाट बघितली. मग मीच माइक मागून घेतला. सांगितलं की हॉलच्या बातमीत आमच्या ह्यांचा जो आवाज वाजला तो इथला नव्हे, तळ्याकाठचा होता. ते इथे कधी आले नाहीत. आणि मग ते लावलं, अख्खं, बेडकांसकट."

"लोक काय म्हणाले?"

"काही नाही. ऐकत बसले. पानवाला रडला."

मला पुढचं विचारायचं होतं. त्यांनीच ओळखलं.

"तुमचं नाव घेतलं नाही मी. रेडिओतल्या एका भल्या माणसाने हे शोधून आणून दिलं, एवढं म्हटलं. आता मी त्या हॉलवर जाणार नाही, जाता जाता कुणाशी वाईटपणा नको." मग म्हणाल्या, "त्या भल्या माणसासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादा. खूप वेळ वाजवल्या. तुमच्या कानावर घालावं म्हणून फोन केला."

त्यांनी ते रागाने म्हटलं की साधेपणाने, मला कळलं नाही, आणि परत फोन करून विचारायचं धाडस नाही. त्या टाळ्या कुणीही लावलेल्या नव्हत्या. खऱ्या माणसांनी खऱ्या हातांनी वाजवल्या आणि त्या माझ्या नावावर नसूनही माझ्याच आहेत.

म्हणून वहिनी, लेखाखाली नाव पूर्ण छापा, सुधाकर पानसे. हे सगळं मी मराठीत सांगतो आहे, आणि अणिमाबाईंच्या पाड्यात मराठी वाचणारं कुणी नाही, हे मला लिहायला बसण्याआधीपासून ठाऊक होतं.